सागवान परदेशी झालं ते वर्ष

मला याद्या करायची सवय आहे. माझे वडील निपाणीच्या पलीकडे, संस्थानी हद्दीतल्या एका गावात शाळामास्तर होते. त्यांच्याकडून ती आली. लग्न होऊन बेळगावला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी सासरच्या कोठीतल्या सगळ्या डब्यांवर कागद चिकटवले. थोरली जाऊ, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "ही सोर्गात गेली तरी आदी तितल्या भांड्यांची यादी करंल."

तिचं म्हणणं अगदी खोटं नाही. सणाच्या आधी काय आणायचं, कोणाकडे कोणती परात गेली आहे, पावसाळ्यापूर्वी कौलं कुठली बदलायची, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. त्यामुळे घरात भांडणं कमी होतात, असा माझा अनुभव आहे. पण एका तक्त्यावर आमची लाकडाची वखार राहणार की मोडणार हे ठरायची वेळ आली होती, आणि तो तक्ता माझ्या हातचा होता. त्याची हकीकत सांगते.

वखार खासबागेत होती, आजही आहे. घर खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी पहिल्या मोठ्या लढाईच्या आधी ही वखार काढली. ते गेल्यावर दोघे भाऊ ती चालवू लागले. थोरले म्हणजे अण्णा, आक्काचे यजमान. धाकटे माझे यजमान. अण्णा गिऱ्हाईक, प्रवास आणि पत्रव्यवहार बघत. हे लाकूड बघत. ह्यांना बोलायला फारसं येत नाही. फळीवरून तळहात फिरवतील, बोटाच्या पेरानं ठोकून कान देतील आणि "व्हय" किंवा "न्हाय" एवढंच म्हणतील. त्या एका शब्दावर माल घ्यायचा की नाही ते ठरायचं.

आमच्याकडे मुख्य माल सागवानाचा. त्यातही पहिला मान ब्रह्मदेशच्या सागवानाला. ते रंगून, मौलमीनकडून बोटीनं मुंबईला यायचं आणि तिथून रेल्वेनं मिरजेवरून बेळगावला. सरळ, तेलकट, गाठी कमी. दारं-खिडक्या करायला त्यासारखं लाकूड नाही. दुसरं सागवान आपल्या दांडेलीकडचं. ते मजबूत, पण रेषा वेड्यावाकड्या आणि रंगाला गडद. त्याशिवाय खानापूरच्या रानातलं ऐन, किंदळ, फणस. वडगावचे विणकर मागाच्या लाकडासाठी आमच्याकडे येत, तेव्हा हे त्यांना ओल्या-सुक्याची पारख करून देत आणि लहानसा तुकडा असला तरी तेवढ्याच निगुतीनं कापून देत. लाकडाच्या धंद्यात घाई चालत नाही. ओंडका आणायचा, चिरायचा, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत थर रचायचे आणि वाट बघायची. नीट वाळलेली फळी हवी असेल तर वर्ष-दीड वर्ष तिच्याकडे बघायचं नाही.

वाट बघण्याचा अण्णांना कंटाळा होता. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. वेगळं होण्याची ही बातमी आम्ही सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती आणि विसरलोही होतो. रंगूनहून माल येत होता तसाच येत होता. त्या वर्षी निपाणीचे एक तंबाखूवाले सावकार आमच्याकडे आले. आमच्या भागात मोठ्या व्यापाऱ्याला सावकारच म्हणतात. त्यांचा सावकारीशी काही संबंध नव्हता. त्यांना तंबाखू साठवायला नवी मोठी वखार बांधायची होती. तुळया, खांब, दारं, सगळं लाकूड हवं होतं. त्यांनी आमचा सगळा साठा फिरून बघितला आणि अण्णांना एक गोष्ट सुचवली. सगळा माल एकरकमी त्यांनी घ्यायचा, लागेल तो बांधकामाला वापरायचा, उरेल तो विकायचा. आणि मालाच्या पैशानं अण्णांनी त्यांच्या तंबाखूत भागीदार व्हायचं.

"लाकडाचे दिवस गेलं, अण्णा," ते जाताना म्हणाले. "भायरचा माल लोटालाय म्हनं. सरकारी बुकात बगा की."

सरकारी बुकं कुठं बघायला मिळतील हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या शेजारी एक वकील राहत. वाचनाचा नाद असलेले, कोणालाही मदत करायला तत्पर. त्यांनी वाचनालयातून परदेशी व्यापाराचं जाडजूड पुस्तक आणलं. ओसरीवर बसून त्यांनी गेल्या बऱ्याच वर्षांचे आकडे वाचले: परदेशातून हिंदुस्थानात आलेल्या सागवानाची एकूण किंमत, म्हणजे किती रुपयांचा माल आला ते, वर्षावार. ते वाचत गेले आणि मी आतल्या दारापाशी बसून लिहीत गेले. माझं अक्षर घरात सगळ्यांत स्वच्छ, म्हणून ते काम माझ्याकडे.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. त्यात राग नव्हता, मान होता. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहायची आणि अण्णा मधल्या खोलीच्या खांबाकडं बघून बोलायचे. "तक्ता झाला असंल तर कुनीतरी आनून द्यावा," असं ते खांबाला सांगत. कुनीतरी म्हणजे मी. मग मी तक्ता आक्काच्या हाती द्यायची आणि आक्का तो दोन पावलं चालून त्यांना द्यायची. आक्काला याचा कंटाळा यायचा. "तुमच्या दोघांच्यात मी पोस्ट हापिस," ती म्हणायची.

तक्ता अगदी सोपा होता. वर्षं खाली खाली, शेजारी किंमत. वर्षामागून वर्षं किंमत थोडी वर, थोडी खाली, आणि शेवटच्या वर्षाला एकदम कितीतरी पटींनी उडी. मी लिहिताना थांबले आणि वकिलांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. आकडा बरोबर होता.

अण्णांनी तक्ता ह्यांच्यापुढं ठेवला.

"बघ रं," ते म्हणाले. "एका सालात एवढं परदेशी सागवान आलंय. अजून दोन सालानं काय हुईल? भाव पडनार. आपल्या वखारीतला माल तवर वाळत बसंल आनि निम्म्या किमतीचा हुईल. सावकार आज चांगली किंमत द्यालेत."

ह्यांनी तक्ता उलटा-सुलटा बघितला. ह्यांना आकड्यांत गोडी नाही.

"आकडं तसं म्हनत्यात तर इकू," हे म्हणाले. एवढंच. मग उठून वखारीत गेले.

संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तेव्हा हे ओंडके चिरायच्या खड्ड्याच्या कडेला बसले होते. वडगावचा एक म्हातारा विणकर समोर उभा होता. त्याला मागाचा खांब हवा होता आणि हे त्याला सांगत होते की चार महिने थांबा, हा अजून ओला आहे. म्हातारा म्हणाला, "थांबतो की. तुमी कुठं जानार हाय?" हे खाली वाकून भुसा हातानं एकत्र करत राहिले. ह्यांना दुसरं कोणतंही काम येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. वखार गेली तर हे निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती मोजत बसतील, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. पण सरकारी पुस्तकाशी वाद कसा घालायचा, हे मला माहीत नव्हतं.

सावकारांकडे जाऊन शब्द द्यायचा दिवस ठरला. त्याच फेरीत आणखी एक काम उरकायचं होतं. माझ्या भावानं माहेरी नवं घर बांधलं होतं. त्याच्या खिडक्या आमच्याकडून आधीच गेल्या होत्या, आता दारं-चौकटी पोचवायच्या होत्या. म्हणून लॉरी ठरवली. आधी निपाणी ओलांडून माहेरी दारं उतरवायची, परत येताना निपाणीत सावकारांकडे थांबायचं. दाराच्या मापाची यादी माझ्याकडे असल्यामुळे मी जायचं ठरलं. स्टेशनात वॅगन लागली होती, म्हणून हे मागं राहिले.

लॉरीपाशी पंचाईत झाली. ड्रायव्हरशेजारी एकच बैठक. अण्णा लॉरीच्या चाकाकडे बघत म्हणाले, "त्यास्नी म्हनावं, फुडं बसा." ड्रायव्हर बेळगावचाच, तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "आनि तुमी ओ?" अण्णांनी कोट, फेटा सावरला आणि मागं दारांच्या थरावर चढून बसले. मी पुढं बसले. संकेश्वर येईपर्यंत ड्रायव्हर आरशात बघून हसत होता. "वैनी, अण्णा नवऱ्यामुलावानी बसल्यात बगा. निस्ती वाजंत्री पायजे."

निपाणी गेली आणि संस्थानचा नाका आला. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला छपरी, आत एक कारकून. आमच्या भागातल्या माणसाला नाक्याचं काही वाटत नाही. आमची शेतं एका राज्यात, सोयरे दुसऱ्या राज्यात, बाजार तिसरीकडे. गूळ इकडून तिकडे गेला तरी कोणीतरी विचारतंच. कारकून बाहेर आला.

"माल काय?"

"दारं-चौकटी," ड्रायव्हर म्हणाला.

"लाकूड कुटलं?"

"ब्रह्मदेशचं सागवान," अण्णा वरून म्हणाले. मालाची जात सांगताना त्यांचा आवाज नेहमी थोडा चढायचा.

"म्हंजे परदेशी," कारकुनानं लिहायला सुरुवात केली.

"ओ, ओ! परदेशी कसं? मागच्या खेपेला ह्याच लाकडाच्या खिडक्या न्हेल्या, तवा तुमीच देशी लिवलासा."

"तवा देशी हुतं. आता त्ये येगळं राज्य झालंय. वरनं कागद आलाय, ब्रह्मदेशचा माल परदेशी लिवायचा."

"अवो पर लाकूड त्येच हाय! त्याच ओंडक्यातलं! खिडक्या फुडल्या बाजूच्या, दारं मागल्या बाजूची!"

कारकून लॉरीच्या मागं गेला, दारावर हात ठेवला, मान वाकडी करून अण्णांकडे बघितलं. "असंल की. ओंडका एकच असंल. खिडक्या देशी, दारं परदेशी. मी काय करू, अण्णा? भाऊ त्योच, पर वाटनी झाल्यावर त्येची चूल येगळी मोजत्यात का न्हाय?"

छपरीतली माणसं हसली. ड्रायव्हर तर स्टीअरिंगवर डोकं टेकून हसला. एरवी अण्णांनी त्याला चार शब्द सुनावले असते, पण त्यांनी गुपचूप जकात भरली. बांबू वर झाला. आम्ही निघालो.

फर्लांगभर गेलो असू. लॉरीच्या टपावर धपाधप हात पडू लागले. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक लावला. अण्णा खाली उतरले, फेटा डाव्या कानावर आलेला, आणि सरळ माझ्या बाजूच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. मी घाईनं पदर पुढं ओढला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, खांबाकडे नाही.

"तुमच्या तक्त्यात ब्रह्मदेश कुटं हाय?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. ड्रायव्हर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"तक्त्यात देश नाहीत," मी म्हणाले. "वकीलसाहेबांनी एकूण आकडा वाचला. सगळ्या परदेशांचा मिळून. तोच मांडलाय."

"सगळ्या परदेशांचा," अण्णा म्हणाले. मग रस्त्याकडे, नाक्याकडे बघत राहिले. "ह्या दारागत झालं असंल तर?"

मला तेव्हा कळलं. ब्रह्मदेश आपल्यातच होता, तोवर तिथलं सागवान परदेशी मालात धरतच नसणार. वेगळा झाल्यावर धरलं. मग उडी मालानं मारली की मोजणीनं? मी एवढंच म्हणाले, "देशावार बघायला पाहिजे."

"मग बघू," अण्णा म्हणाले आणि पुन्हा दारांवर चढून बसले.

भावाकडे दारं उतरवली, मापं जुळली, जेवण झालं. अण्णा जेवताना भाजी नुसती चिवडत होते. वहिनीला वाटलं भाजी बिघडली.

परतताना निपाणीत सावकारांच्या जुन्या वखारीत थांबलो. पडवीत बायका तंबाखू निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ टेकले आणि शिंकत राहिले. त्यांना मोठी मौज वाटत होती. एकीनं मला नाकाशी धरायला आपल्या पदराचं टोक दिलं. सावकार आणि अण्णा समोरच गादीवर बसले होते, त्यामुळे बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"तर मग शबुद द्या," सावकार म्हणाले.

"आठ दिस थांबा."

"आता कशाला आठ दिस? तुमीच तर आकडं बगून सांगतो म्हनलासा. काय, बायकोला इचारून येतासा काय?"

"बायकोला न्हाय," अण्णा शांतपणे म्हणाले, "भावजयीला."

पडवीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या आणि हसायला लागल्या. मला नेमकी तेव्हा आणखी एक शिंक आली. सावकारही हसले, पण त्यांनी आठ दिवस दिले. मनुष्य वाईट नव्हता. त्यांनी जे ऐकलं होतं ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या ओसरीवर सगळे जमलो. अण्णांनी नाक्यावरची हकीकत सांगितली. वकिलांनी कपाळाला हात लावला. "मी एकूण बेरीजच वाचली हो. खालची पानं उलटलीच नाहीत," ते म्हणाले आणि चष्मा पुसून कामाला लागले. त्यांच्यातला हा गुण मला नेहमी आवडला.

या वेळी मी तक्ता वेगळा आखला. वर्षं खाली, देश आडवे. सयाम, जावा, फ्रेंचांच्या ताब्यातला इंडोचीन, ब्रह्मदेश. प्रत्येक देशाला एक उभी ओळ. वकील वाचत गेले, मी भरत गेले. सयामची ओळ जवळजवळ सपाट. जावाची बारीक. इंडोचीनची कधी आहे, कधी नाही. आणि ब्रह्मदेशच्या ओळीत वर्षामागून वर्षं रिकामी चौकट, आणि शेवटच्या वर्षाला तो प्रचंड आकडा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं की ब्रह्मदेशचा माल या वर्षापासून परदेशी धरला आहे. ती ओळ माझ्या बोटाच्या नखाएवढीही नव्हती.

"रिकामी कशी?" हे पहिल्यांदा बोलले. "रिकाम्या सालातलं लाकूड तर आपल्या वखारीत पडलंय."

"ते दुसऱ्या पुस्तकात असणार," वकील म्हणाले. "देशातल्या देशात बोटीनं जो माल जातो, त्याचं पुस्तक निराळं." ते तसेच टोपी घालून वाचनालयात गेले आणि ते घेऊन आले. त्यात ब्रह्मदेशहून हिंदुस्थानच्या बंदरांत आलेलं सागवान वर्षावार होतं. मी ते आकडे पेन्सिलीनं त्या रिकाम्या चौकटींत भरले. भरता भरता उडी नाहीशी झाली. मंदीच्या वर्षांत खाली, मग हळूहळू वर, शेवटचं वर्ष आधीच्या वर्षासारखंच. लाकूड जेवढं यायचं तेवढंच येत होतं. किंमतही साधारण तीच. बाहेरच्या मालाचा लोंढा वगैरे काही नव्हता.

आम्ही नाक्यांवर वाढलेली माणसं. एकाच ढेपीचा गूळ दोन राज्यांत दोन नावांनी लिहिला जातो हे आमच्या पोरांनाही ठाऊक. आणि तेच आम्हाला कागदावर दिसलं नाही. याचं मला त्या दिवशी हसू आलं, अजूनही येतं.

ह्यांनी तक्ता हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग अण्णांना म्हणाले, "म्हंजे इकायचं कारन न्हाय."

अण्णा ओसरीच्या खांबाकडे बघत राहिले. आक्का मागं दारात उभी होती. तीच म्हणाली, "बोला की आता. कवा धरनं नुसतं पोटात ठेवून हिंडालायसा."

अण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "भाव पडनार न्हाय, हे कळलं," ते म्हणाले. "पर मला लाकूड नको झालंय रं. आप्पांचा सगळा जलम फळ्या वाळायची वाट बघन्यात गेला. माझा निम्मा गेला. तंबाखू साल संपायच्या आत काय त्ये सांगून टाकतीया. फायदा तर फायदा, बुडाला तर बुडाला. मला तसलं पायजे."

"मग आदीच सांगायचं हुतंस. तक्ता कशाला?"

"तुला नुसतं सांगितलं असतं तर तू व्हय म्हनला असतास. आनि गप बसला असतास. तुझं त्ये गप बसनं मला सोसत न्हाय. आकड्यानंच इक म्हनून सांगितलं असतं, तर माझ्या डोस्क्यावर काय न्हवतं."

वकील उठून आत पाणी आणायला गेले. समजूतदार माणूस. खडेबाजारातून टांगा गेला त्याचा आवाज ऐकू आला.

"तू जा," हे शेवटी म्हणाले. "तंबाखूत जा. वखार मी ठेवतो."

"एकट्यानं?"

"व्हय."

"गिऱ्हाईकाशी कोन बोलनार? तू?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय की. ही निपानीच्या सावकारालाबी आठ दिस थांबीवती."

आक्का इतक्या मोठ्यानं हसली की गल्लीतल्या दोघी डोकावून गेल्या.

वाटणी शांतपणे झाली. निम्मा माल अण्णांचा म्हणून सावकारांना दिला, तोही नव्या तक्त्यावरून ठरलेल्या चालू भावानं. सावकारांनी तक्ता मागून घेतला, वाचला, "बरं" म्हणाले आणि तो भाव दिला. उरलेला निम्मा माल आणि वखारीची जागा आमच्याकडे राहिली. अण्णा आणि आक्का निपाणीला गेले. कोठीतले डबे वाटून घेताना मात्र आम्ही दोघी रडलो. त्या दिवशी मी यादी केली नाही. आक्कानं जे उचललं ते तिचं.

मी गिऱ्हाईकाशी बोलायला लागले. सुरुवातीला लोक दारात उभे राहून विचारत, "मालक हाइत काय?" मी म्हणायची, आहेत, लाकूड बघतायत, तुम्ही माप सांगा. हळूहळू ते मापच सांगायला लागले.

मग दुसरी लढाई आली. रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचं सागवान यायचंच थांबलं. त्या वर्षी तक्ता केला असता तर ती ओळ खरोखरच रिकामी ठेवावी लागली असती. वखारीत जो माल होता तो होता. ह्यांनी त्यातली एक फळीसुद्धा घाईनं काढली नाही. दांडेलीचं लाकूड आणून त्यावर काम चालू ठेवलं. सरकारला लढाईसाठी लाकूड लागत होतं, तेव्हा दांडेलीचा मालही सहज मिळत नसे. कित्येक दिवस ऐन आणि फणसावर भागवलं. वडगावचे विणकर कुरकुरले, पण आले.

लढाई संपल्यावर एका सकाळी अण्णा वखारीत आले. तंबाखूनं त्यांना एक साल वर नेलं होतं आणि दुसरं साल खाली. चेहरा मात्र ताजातवाना. निपाणीला त्यांनी स्वतःचं घर बांधायला काढलं होतं.

"दारं पायजेत," ते मला म्हणाले. "फुडचं दार ब्रह्मदेशच्या सागवानाचं. भाऊ म्हनून न्हाय आलो. गिऱ्हाईक म्हनून आलोय."

मी भाव सांगितला. त्यांनी डोळे मोठे केले.

"एवढा? आनि मी इकला तवा काय भाव हुता?"

"तवाचा भाव तवा," हे थराच्या मागून म्हणाले.

"अरं, मी तुझा थोरला भाऊ हाय."

"आताच गिऱ्हाईक हुतासा."

अण्णा थराभोवती फिरले. एक फळी ओढून काढली, पेरानं ठोकली आणि कान दिला. त्यांना त्यातलं काही कळत नसे, पण आप्पांसारखं करायची सवय होती. मग दुसरी. मग तिसरी. मला म्हणाले, "चार आनं तरी कमी कर गं." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी "न्हाय" म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या दुमडल्या. "दांडेलीचं दाखव. वाळलेलं तरी हाय का?"

"वाळालंय. बघा की," हे म्हणाले.

दोघे भाऊ मागच्या छपरात गेले. थर वरून खाली उतरवू लागले. प्रत्येक फळीवर अण्णा काहीतरी खोड काढत होते आणि हे मान हलवत होते. मी चहा टाकायला गेले. येऊन बघते तर त्यांनी निम्मा थर खाली उतरवला होता, अजून एकही फळी पसंत पडली नव्हती, आणि दोघांनाही घाई नव्हती.